तक्रार फेटाळल्याचं पत्र: ब्रिटनमधल्या एंडोमेंट गृहकर्जांची पार्श्वभूमी

२००० सालाच्या आसपास ब्रिटनमधल्या लाखो घरांत विमा कंपन्यांची पत्रं येऊन पडू लागली. मजकूर थोडक्यात असा: तुमच्या एंडोमेंट पॉलिसीची मुदत संपेल तेव्हा मिळणारी रक्कम गृहकर्ज फेडायला पुरेल असं दिसत नाही, फरकाची तजवीज आत्ताच करा. यावर ज्यांनी तक्रार केली, त्यांतल्या पुष्कळांना काही आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. आम्ही कागदपत्रं तपासली, पॉलिसी विकताना आमची चूक झालेली नाही, सबब तक्रार फेटाळत आहोत. या दुसऱ्या पत्रालाही आव्हान देता येतं, हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. ते देता यावं अशी व्यवस्था का उभी राहिली, हे कळायचं तर आधी हे कर्ज समजून घ्यावं लागतं.

एंडोमेंट म्हटलं की आपल्याला एलआयसी आठवते. हप्ते भरत राहायचे, मुदत संपली की विम्याची रक्कम आणि वर बोनस. मधेच काही बरंवाईट झालं तर पैसे वारसांना. ही पॉलिसी मूळची ब्रिटिश घराण्यातलीच. आपल्याकडे ती मुलीच्या लग्नासाठी नाहीतर मुलाच्या शिक्षणासाठी घेतली जायची; ब्रिटनमध्ये तिला थेट गृहकर्जाला जुंपलं. साध्या कर्जात दर हप्त्यातून थोडं व्याज आणि थोडी मुद्दल फिटत जाते. एंडोमेंट कर्जात बँकेला किंवा बिल्डिंग सोसायटीला (सभासदांच्या ठेवींतून गृहकर्ज देणारी तिकडची संस्था) पंचवीस वर्षं नुसतं व्याज द्यायचं. मुद्दल पहिल्या दिवशी जेवढी, शेवटच्या दिवशीही तेवढीच. शेजारी विमा कंपनीकडे वेगळा हप्ता भरायचा आणि पंचविसाव्या वर्षी तिथून येणाऱ्या घसघशीत रकमेतून मुद्दल एका फटक्यात फेडायची.

खरी मेख होती ती ‘लो-कॉस्ट’ नावाच्या स्वस्त प्रकारात. पूर्ण कर्जाएवढ्या रकमेची हमी देणारी पॉलिसी घेतली तर हप्ता जड जायचा. म्हणून हमीची रक्कम कर्जापेक्षा बरीच कमी ठेवायची आणि उरलेला खड्डा बोनस भरून काढेल असं धरून चालायचं. मृत्यू झाल्यास पूर्ण कर्ज फिटेल एवढं विमासंरक्षण मात्र असायचं. त्यामुळे ‘कर्ज फिटण्याची हमी आहे’ हे वाक्य मृत्यूच्या बाबतीत खरं होतं आणि जिवंत राहणाऱ्याच्या बाबतीत खोटं. विक्रेत्याच्या तोंडी हे दोन अर्थ किती सहज एकमेकांत मिसळत असतील, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

लोक या वाटेला लागले त्यात सरकारी करधोरणाचाही हात होता. विम्याच्या हप्त्यावर करसवलत मिळायची. शेवटी ती १५ टक्के होती. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी मार्च १९८४च्या अर्थसंकल्पात नव्या पॉलिसींसाठी ती बंद केली. पण गृहकर्जाच्या व्याजावरची सवलत सुरूच राहिली. ‘मिरास’ या नावाने १९८३पासून ती व्याजाच्या हप्त्यातूनच वळती व्हायची आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या कर्जाला लागू होती. एंडोमेंटमध्ये मुद्दल कमी होत नसल्यामुळे व्याजही कमी होत नसे आणि सवलत शेवटपर्यंत पुरेपूर मिळे. हिशेब कागदावर देखणा दिसायचा. त्यात १९८८ साली एकाच घरावर दोघा-तिघांनी स्वतंत्रपणे सवलत घेण्याची सोय ऑगस्टपासून बंद होणार असं जाहीर झालं आणि घरं घ्यायला झुंबड उडाली. त्या काळात नव्या गृहकर्जांतला बहुतांश हिस्सा एंडोमेंटचाच होता.

करसवलत हे ग्राहकाला सांगायचं कारण. न सांगितलेलं कारण म्हणजे कमिशन. साधं कर्ज देऊन बिल्डिंग सोसायटीच्या खिडकीमागच्या माणसाला वेगळं काही मिळत नसे. सोबत पॉलिसी विकली तर विमा कंपनीकडून घसघशीत कमिशन, तेही बहुतेक सुरुवातीलाच. ते किती, हे ग्राहकाला पौंडांच्या आकड्यात सांगण्याची सक्ती जानेवारी १९९५पर्यंत नव्हती. पहिल्या काही वर्षांचे हप्ते बव्हंशी खर्चातच जिरत. कोणी पाच वर्षांत घर बदललं आणि पॉलिसी मोडली तर सरेंडर व्हॅल्यू भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी निघे. मग नव्या घरासाठी नवी पॉलिसी, नवं कमिशन.

नंतर वारं फिरलं. ऑक्टोबर १९८९मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १५ टक्क्यांवर होता. १६ सप्टेंबर १९९२ला ब्रिटनने युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, अंग काढून घेतलं, त्यानंतर महागाई आणि व्याजदर दोन्ही उतरत गेले. बोनसची सारी गणितं महागाईच्या काळातल्या परताव्यांवर बेतलेली. कंपन्या वर्षागणिक बोनस कापू लागल्या. शेअर बाजाराने काही काळ झाकपाक केली, पण लंडनचा एफटीएसई १०० निर्देशांक डिसेंबर १९९९च्या अखेरीस ६,९३०वर होता तो मार्च २००३मध्ये ३,२८७पर्यंत घसरला. मिराससुद्धा एप्रिल २०००मध्ये गेली.

कंपन्यांचा एक लाडका बचाव इथेच जन्मला: परतावा घटला हे खरं, पण व्याजदरही घटले, म्हणजे तुमचं व्याज वाचलंच की! ऐकायला बरं वाटतं. पण साधं कर्ज घेतलेल्या शेजाऱ्याचंही व्याज तेवढंच वाचलं होतं आणि शिवाय त्याची मुद्दल फिटत होती.

नियामकाच्या आग्रहावरून कंपन्यांनी पॉलिसीधारकांना फेरअंदाज पाठवायला सुरुवात केली. वर्षाला ४, ६ किंवा ८ टक्के वाढ झाली तर शेवटी किती मिळेल, असे तीन आकडे त्यात असत. सिग्नलसारखे तीन रंग ठरले. हिरवं पत्र म्हणजे सध्या ठीक, पिवळं म्हणजे धोका संभवतो, लाल म्हणजे तूट येण्याचा मोठा धोका. हा लाल रंग पुढे केवळ इशारा उरला नाही. लाल पत्र मिळाल्यापासून तीन वर्षांत तक्रार करा, नाहीतर ती मुदतबाह्य ठरेल, असं त्याचं कायदेशीर वजन झालं. सर्वसाधारण नियम विक्रीपासून सहा वर्षं, किंवा तक्रारीला कारण आहे हे कळल्यापासून तीन वर्षं, यांपैकी जे नंतर येईल ते. १९८८ची पॉलिसी असल्यावर पहिली मुदत केव्हाच टळलेली, म्हणून सगळी मदार दुसरीवर.

मेख अशी की पहिल्या काही वर्षांतल्या पत्रांत, आता तुमचं घड्याळ सुरू झालं, हे स्पष्ट सांगितलेलं नसे. लोकांनी ती पत्रं बँकेच्या इतर कागदांसारखी ड्रॉवरमध्ये टाकली आणि तीन वर्षांनी तक्रार केली तर उत्तर आलं, उशीर झाला. ब्रिटिश संसदेच्या अर्थविषयक समितीने जॉन मॅकफॉल यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २००४मध्ये एंडोमेंट गृहकर्जांवर अहवाल दिला. त्याच वर्षी नियम बदलला: तक्रारीची शेवटची तारीख किमान सहा महिने आधी ग्राहकाला कळवली नसेल तर कंपनीला मुदतीची ढाल पुढे करता येणार नाही.

गैरविक्री कशाला म्हणायचं, यावरूनही बरीच ओढाताण झाली. पॉलिसीची कामगिरी वाईट झाली, एवढं पुरत नसे. ती विकताना काय सांगितलं आणि काय दडवलं, हा प्रश्न. हमी नसताना हमी आहे असं भासवलं का? शेअर बाजाराचा धोका समजावला का? कर्जाची मुदत निवृत्तीच्या वयापलीकडे जात असेल तर तेव्हा हप्ते कुठून भरणार, हे विचारलं का? मागे कोणी अवलंबून नसलेल्या अविवाहित माणसाच्या गळ्यात विमा का मारला? जुनी पॉलिसी चालवता येत असताना ती मोडून नवी घ्यायला का लावली?

यांवर फेटाळणीची पत्रं साधारण एकाच साच्यातून काढल्यासारखी असत. माहितीपत्रकात ‘रकमेची हमी नाही’ असं छापलं होतं आणि तुम्ही सही केली आहे. सल्लागाराने भरलेल्या फॉर्मवर तुमची जोखीम घेण्याची तयारी ‘मध्यम’ अशी नोंद आहे. विक्री आम्ही नाही, दुसऱ्या दलालाने केली. आम्ही सल्ला दिलाच नव्हता, फक्त अर्ज भरून घेतला. तुमचं नुकसानच झालेलं नाही. आणि एक तारीख: २९ एप्रिल १९८८. फायनान्शियल सर्व्हिसेस कायद्यातली सल्ल्याची नियमावली त्या दिवशी लागू झाली. त्याआधी स्वतंत्र दलालाने केलेली विक्री असेल तर अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या वित्तीय लोकपालाचे हातही बहुधा बांधलेले. एका आठवड्याच्या फरकाने दोन शेजाऱ्यांचे हक्क वेगळे, इतकी कोरडी ती रेघ.

यांतली काही उत्तरं रास्त होती, हे मान्य करायला हवं. सगळं समजून-उमजून पॉलिसी घेतलेले, शेअर बाजारात आधीपासून वावरलेले लोकही भरपाईच्या रांगेत उभे राहिले होते. पण किती फेटाळण्या रास्त नव्हत्या, याची साक्ष नियामकाच्याच दंडांत सापडते. सुरुवातीचे दंड गैरविक्रीसाठी झाले. मग या नियामकाने, म्हणजे फायनान्शियल सर्व्हिसेस अथॉरिटीने, तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. डिसेंबर २००३मध्ये फ्रेंड्स प्रॉव्हिडंटला ६,७५,००० पौंड, मार्च २००४मध्ये अलाइड डनबारला ७,२५,०००, मे २००५मध्ये अ‍ॅबी नॅशनलला ८,००,०००. म्हणजे कंपनीने फेटाळलं याचा अर्थ तक्रारीत दम नव्हता, असं धरून चालता येत नव्हतं.

पुढची पायरी फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिस, म्हणजे वित्तीय लोकपाल. १ डिसेंबर २००१ला नवा कायदा अमलात आला तेव्हा आधीचे विमा, बँक, बिल्डिंग सोसायटी असे वेगवेगळे लोकपाल एका छताखाली आले. तक्रारदाराला खर्च शून्य. शुल्क भरायचं ते कंपनीने. कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे आणि ते उत्तर मिळाल्यावर लोकपालाकडे जायला तक्रारदाराला सहा महिने. आधी एक अधिकारी प्रकरण पाहून मत देई. ते कोणत्याही बाजूला पटलं नाही तर खुद्द लोकपालाचा निर्णय. तक्रारदाराने तो स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक, नाही स्वीकारला तर त्याला कोर्टाची वाट मोकळी.

इथे निकष कायद्याच्या शब्दापुरता नव्हता, सगळी परिस्थिती पाहता न्याय्य आणि वाजवी काय, असा होता. त्यामुळे छापील इशाऱ्यावरची सही हा शेवटचा शब्द राहिला नाही. ज्या माणसाचे सगळे पैसे आयुष्यभर बिल्डिंग सोसायटीच्या बचत खात्यात, त्याच्या नावापुढे ‘मध्यम जोखीम’ ही खूण कोणी आणि कशावरून केली, असा प्रश्न विचारता येऊ लागला. फाइल हरवली असेल तर जास्त शक्य काय वाटतं, यावर निर्णय होई. म्हणूनच फेटाळणीला उत्तर देताना नुसतं ‘मला फसवलं’ लिहिणाऱ्यापेक्षा, त्या वेळी पगार किती, बचत कुठे, घरात अवलंबून कोण, विक्रेता नेमकं काय म्हणाला आणि कंपनीच्या पत्रातलं कोणतं विधान का चूक, असं मुद्द्यांनिशी लिहिणाऱ्याची बाजू भक्कम ठरे. कंपनीकडून जुन्या फॉर्मची प्रत मागवणं हे त्यातलं पहिलं काम.

२००४-०५ या वर्षात लोकपालाकडे आलेल्या सुमारे १,११,००० नव्या प्रकरणांपैकी जवळपास ७०,००० एकट्या एंडोमेंटची होती. पुढच्या वर्षीही आकडा तिथेच रेंगाळला.

तक्रार मान्य झाली तरी तुटीची सगळी रक्कम मिळत नसे, आणि इथे अनेकांचा हिरमोड झाला. तुलना पॉलिसीने दाखवलेल्या स्वप्नाशी नव्हती, साध्या कर्जाशी होती. समजा, ५०,००० पौंडांचं कर्ज, पंधरा वर्षं झालेली. साधं कर्ज असतं तर २०,००० पौंड मुद्दल फिटली असती. पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू आहे १४,०००. तर नुकसान ६,०००. शिवाय दोन्ही पद्धतींत दरमहा खिशातून जाणाऱ्या रकमेतला फरकही पाहायचा. ज्याची पॉलिसी त्या दिवशी साध्या कर्जापेक्षा पुढे, त्याला लाल पत्र येऊनही भरपाई शून्य. ‘तुमचं नुकसान नाही’ हे उत्तर म्हणूनच कधी खरं असे. ते तपासायचं तर कंपनीच्या बेरजा-वजाबाक्या स्वतः पडताळाव्या लागत. विकणारी फर्मच बुडालेली असेल तर दाद भरपाई योजनेकडे, म्हणजे फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीमकडे.

या गर्दीत भरपाई मिळवून देतो म्हणणाऱ्या एजन्सींचा धंदा फोफावला. जे पत्र लोकपालाकडे फुकट पाठवता येत होतं त्यासाठी त्या भरपाईतला मोठा वाटा घेत. त्यांच्यावर नियंत्रण आणणारा कायदा २००६मध्ये झाला आणि एप्रिल २००७पासून लागू झाला. तोवर एंडोमेंटची लाट ओसरू लागली होती: २००७-०८मध्ये लोकपालाकडे अशी जेमतेम १३,८०० प्रकरणं आली. लाल पत्रांच्या मुदती एकेक करून संपल्या होत्या, आणि त्या एजन्सी कर्जहप्त्यांच्या विम्याकडे, म्हणजे पीपीआयकडे वळत होत्या.