फ्लॉरेन्समधील संग्रहालये

इटलीच्या तोस्काना प्रांताची राजधानी फ्लॉरेन्स (इटालियन नाव फिरेंझे) येथील कला व इतिहासविषयक संग्रहालये आणि ती पाहण्याची रीत. महत्त्वाची बहुतेक संग्रहालये आर्नो नदीच्या दोन्ही काठांवर, पायी जाता येईल इतक्या अंतरात आहेत. उत्तरेकडच्या अकादेमियापासून नदीपलीकडच्या पित्ती राजवाड्यापर्यंत चालत साधारण अर्धा तास लागतो. त्यामुळे वाहनाची अडचण येथे फारशी येत नाही. पाहुण्याचा बेत फसतो तो सुटीचे वार, आरक्षण आणि थकवा यांमुळे.

एवढा ठेवा एकाच शहरात टिकला, याचे श्रेय मुख्यतः एका कराराला आहे. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ मध्ये नव्या लॉरेन राजघराण्याशी करार करून घराण्याचा सर्व संग्रह त्याच्या हवाली केला; अट एकच, यातले काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. राज्याची शोभा, जनतेचा उपयोग आणि परक्यांचे कुतूहल अशी तीन कारणे करारात दिली आहेत. पर्यटनाचा एवढा स्पष्ट विचार त्या काळी अन्यत्र क्वचितच आढळेल. पुढे १७६९ मध्ये घराण्याचे उफ्फीत्सी हे चित्रदालन सर्वांसाठी खुले झाले.

मूळ आणि प्रतिकृती : शहरात फिरताना पहिली फसगत येथे होते. सिन्योरिया चौकात राजवाड्यासमोर उभा असलेला ‘डेव्हिड’ ही १९१० साली बसवलेली प्रतिकृती आहे. मायकेलअँजेलोने १५०१–०४ मध्ये घडवलेला, सुमारे ५.१७ मीटर उंचीचा मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादेमियात हलवला गेला. त्याच चौकातील दोनातेल्लोच्या ‘ज्युडिथ’चे मूळ शिल्प मागच्या पालाझ्झो व्हेक्क्यो या राजवाड्यात, तर त्याच्या सिंहाचे मूळ बार्जेल्लो संग्रहालयात आहे. बाप्तिस्मागृहाच्या पूर्व दारासमोर लोक गर्दी करून छायाचित्रे घेतात. तेथली सोनेरी दारेही प्रतिकृतीच आहेत. गीबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी २७ वर्षे खपून केलेली मूळ दारे कॅथीड्रलच्या संग्रहालयात आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात या दारांचे काही फलक निखळून पडले. कांस्यावरच्या सोन्याच्या मुलाम्याखाली साचलेले क्षार दमट हवेत फुगून मुलामा उचकटतात, म्हणून ती आता बंद काचपेटीत, नियंत्रित हवेत ठेवली आहेत. रस्त्यावर काय पाहिले आणि त्याचे मूळ कोठे आहे, याची जोडी लावत गेल्यास हे शहर लवकर उमगते.

उफ्फीत्सी : नावाचा अर्थ ‘कचेऱ्या’. कोसिमो मेदिचीच्या प्रशासनासाठी जॉर्जो व्हासारीने १५६० पासून ही इमारत बांधली. चित्रदालन दुसऱ्या मजल्यावर सुरू होते. मात्र मजले इतके उंच आहेत की चार मजले चढल्यासारखे वाटते. चालण्यास त्रास असणाऱ्यांनी लिफ्टची विचारणा प्रवेशद्वाराशीच करावी. इमारतीचा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आहे. पूर्वेकडच्या लांब मार्गिकेतून आत गेल्यावर चीमाबूए, दूच्चो व जॉत्तो यांची सिंहासनस्थ मरियेची तीन मोठी चित्रे जवळजवळ पाहता येतात. येथे दहा मिनिटे थांबावे. सोनेरी सपाट पार्श्वभूमीतून शरीराला वजन कसे येत गेले, ते या एका खोलीत समजते. घाईघाईने बॉत्तिचेल्लीकडे धावणारे नेमके हेच गमावतात. त्याचे ‘वसंत’ व ‘व्हीनसचा जन्म’ पुढे आहेत. ‘त्रिबूना’ ही अष्टकोनी, शिंपल्यांनी मढवलेल्या घुमटाची खोली दारातूनच पाहावी लागते. नदीकडच्या छोट्या मार्गिकेतून पाँते व्हेक्क्यो पूल दिसतो. पश्चिमेकडे लिओनार्दो, मायकेलअँजेलोचे गोलाकार ‘पवित्र कुटुंब’ आणि रॅफेएल. तर खाली पहिल्या मजल्यावर टिशनची ‘उर्बीनोची व्हीनस’, काराव्हाज्जोची ‘मेडूसा’ आणि आर्तेमिझ्या जेंतिलेस्कीची ‘ज्युडिथ’. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत पाय व डोळे दोन्ही थकलेले असतात, आणि बरेच जण याच दालनांतून सरळ बाहेर पडतात. तीन तास हाताशी ठेवून मधला अर्धा तास गच्चीवरील उपाहारगृहात घालवल्यास हे टळते. बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत घेत नाहीत.

अकादेमिया लहान आहे, तासाभरात होते. ‘डेव्हिड’कडे जाणाऱ्या दालनात मायकेलअँजेलोचे ‘बंदी’ (कैदी) हे अपूर्ण पुतळे आहेत. दगडातून अर्धवट बाहेर आलेल्या या आकृतींवर छिन्नीचे दातेरी ओरखडे स्पष्ट दिसतात, आणि शिल्पकार काम कसे करत असे हे पूर्ण झालेल्या पुतळ्यापेक्षा येथे अधिक कळते. ‘डेव्हिड’चे डोके व हात शरीराच्या मानाने मोठे आहेत, पुतळा मुळात कॅथीड्रलवर उंच बसवण्यासाठी सांगितलेला होता.

बार्जेल्लो हे त्या मानाने कमी गर्दीचे मोठे संग्रहालय. बाप्तिस्मागृहाच्या दारांचे काम कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या १४०१ च्या स्पर्धेसाठी गीबेर्ती आणि ब्रूनेल्लेस्की यांनी एकाच विषयावर, आयझॅकच्या बलिदानावर, केलेले दोन कांस्यफलक येथे शेजारीशेजारी लावले आहेत. गीबेर्तीचा फलक जवळजवळ एकसंध ओतलेला आहे. ब्रूनेल्लेस्कीने सुटे भाग ओतून जोडले. गीबेर्तीला त्यामुळे कांसेही कमी लागले, आणि काम त्यालाच मिळाले. दोनातेल्लोचा कांस्य ‘डेव्हिड’ याच दालनात आहे. सान मार्को मठात फ्रा आंजेलिकोची भित्तिचित्रे भिक्षूंच्या खोल्यांतच आहेत; पुरातत्त्व संग्रहालयात प्राचीन इट्रुस्कन लोकांनी घडवलेला ‘किमेरा’ हा काल्पनिक पशू आहे; गॅलिलिओ संग्रहालयात त्याच्या दुर्बिणींबरोबर त्याची बोटेही जपून ठेवली आहेत.

वार, वेळ आणि तिकीट : उफ्फीत्सी, अकादेमिया व पित्ती सोमवारी बंद असतात. त्या दिवशी कॅथीड्रलचे संग्रहालय, पालाझ्झो व्हेक्क्यो व गॅलिलिओ संग्रहालय पाहावे. पालाझ्झो व्हेक्क्यो गुरुवारी दुपारी २ वाजता आणि गॅलिलिओ संग्रहालय मंगळवारी दुपारी १ वाजता बंद होते. कॅथीड्रलचे संग्रहालय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात, पण रांगेत जाणारा वेळ पाहता दूरवरून आलेल्याला हा सौदा महागच पडतो.

आरक्षण संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. उफ्फीत्सीला तिकिटावर ४ युरो आरक्षणशुल्क पडते. अधिकृत वाटणारी मध्यस्थ संकेतस्थळे यापेक्षा पुष्कळ जास्त आकारतात. हाती तिकिटाऐवजी नुसती आरक्षणाची पावती असेल, तर आधी तिकीट घेण्याच्या दारी जावे लागते आणि ते प्रवेशाच्या दारापासून वेगळे असते. चुकीच्या रांगेत उभे राहून ठरलेली वेळ हुकणे ही नेहमीची गोष्ट आहे. १८ वर्षांखालील कोणाही देशाच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, पण १८ ते २५ वयोगटाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती आहे. भारतीय विद्यार्थ्यांनी सवलतीचे तिकीट घेतल्यास दारात फरक भरावा लागतो. पासपोर्ट जवळ असावा.

कॅथीड्रलच्या, ब्रूनेल्लेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढण्यासाठी दिवस व वेळ ठरवून आरक्षण लागते आणि ते आधीच संपते. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, वाट अरुंद. हृदयविकार किंवा कोंडल्याची भीती असणाऱ्यांनी तो नाद सोडावा. कॅथीड्रलमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. अकादेमियात सामान ठेवायला जागाच नाही, त्यामुळे मोठी बॅग घेऊन आलेल्याला परत पाठवतात. गाडीने त्याच दिवशी पोचणाऱ्यांनी सामान स्थानकावर ठेवून यावे. फ्लॅशविना छायाचित्रे चालतात, सेल्फी-काठी व तिपाई चालत नाही.

कोल्हापूरचा दुवा : कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले; तेव्हा ते २० वर्षांचे होते. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने त्यांचे दहन झाले. त्याच जागी १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभारण्यात आला. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, छत्रीची रचना चार्ल्स मँट याची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही मँटचाच. स्मारक कासीने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला उघड्यावर आहे, तिकीट नाही. उद्यान सुमारे ३.५ किमी लांब असल्याने जाऊन येण्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढावा. जवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘पाँते आल इंदियानो’, म्हणजे ‘त्या भारतीयापाशी असलेला पूल’ म्हणतात.