कोहळा, काठी, नारळ

‘जगात फक्त सहाच कथा आहेत, कॉम्प्युटरने सिद्ध केलं’ असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. मूळ अभ्यास २०१६ चा. त्यात १,३२७ इंग्रजी पुस्तकांतल्या शब्दांचा सुखदुःखाचा सूर मोजून आलेख काढले. त्यांचे सहा मुख्य आकार निघाले. मोजला तो शब्दांचा मूड. कथेत कोणी काय केलं, याचा त्यात पत्ताच नाही.

तो हिशेब ८८ वर्षं आधी व्लादिमीर प्रॉप या रशियन लोककथा-अभ्यासकाने मांडला होता, १९२८ साली, लेनिनग्राडमध्ये. लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवच्या संग्रहातल्या १०० रशियन अद्भुतकथा त्याने सोलून पाहिल्या. एकीत राजा नायकाला गरुड देतो, गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो. तिसरीत जादूगार होडी, चौथीत राजकन्या अंगठी. माणसं बदलली, वस्तू बदलल्या. देणं आणि नेणं तेच राहिलं. या न बदलणाऱ्या कृतीला प्रॉप ‘कार्य’ म्हणतो. अशी कार्यं ३१. प्रत्येक कथेत सगळी नसतात, पण जी असतात ती साधारण ठरलेल्या क्रमानेच येतात.

खरी गंमत पुढे आहे. कृती कुठली, हे तिच्या जागेवरून ठरतं. बापाने दिलेल्या पैशांतून नायक मांजर विकत घेतो आणि ते पुढे कामी येतं. दुसऱ्या कथेत पराक्रमाबद्दल पैसे मिळतात आणि कथा संपते. पैसे मिळणं एकच, कार्यं दोन. नायकाचं राजकन्येशी लग्न म्हणजे शेवट. बापाचं दोन मुली असलेल्या विधवेशी लग्न म्हणजे कटकटीची सुरुवात. व्याकरणात शब्दाचं काम वाक्यावरून कळतं, तसंच हे.

आपली आदित्यराणूबाईची कहाणी घ्या. राणी कहाणी ऐकायला नकार देते, दारिद्र्य येतं. मुलगा मावशीकडे जातो, ती कोहळा पोखरून त्यात होनमोहरा भरून देते. वाटेत सूर्यनारायण वेषांतर करून तो काढून घेतात. पुढच्या मुलाची तशीच भरलेली काठी जाते, त्याच्या पुढच्याचा नारळ. वस्तू तीन, कार्य एकच. मात्र इथे खलनायकच नाही, वैभव देणारा देवच ते काढूनही घेतो. प्रॉपचा साचा इथे ओढूनताणून बसवू नये. तो रशियन अद्भुतकथांसाठीच होता.

मनाई आणि तिचं उल्लंघन ही प्रॉपच्या कार्यांतली जोडी मात्र दोन्हीकडे आहे. नियम मोडला नाही, तर पुढे सांगायला काही उरतच नाही. राणीचं दारिद्र्य कथेला हवं असतं. वसा टाकल्याने घर बुडतं याचा तो पुरावा नव्हे. ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर...’ हा मेसेजही त्याच जोडीवर चालतो, फक्त त्यात कोहळासुद्धा मिळत नाही.