तिसऱ्या डोसला सहा महिने का थांबायचं?

बीएस्सी नर्सिंग असो, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) की एमबीबीएस. हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरून यकृताला सूज आणणाऱ्या काविळीची लस झाली आहे का, हा प्रश्न कॉलेजच्या फॉर्ममध्ये किंवा हॉस्पिटलातल्या पहिल्या पोस्टिंगच्या वेळी समोर येतोच. डोमिसाइल, जात पडताळणी आणि फीच्या धावपळीत तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. बाकीचे कागद चार हेलपाटे मारून जमतात. लशीचा हा कागद तसा जमत नाही. पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी. म्हणजे सात-आठ महिने गेले. घाईचं वेळापत्रकही आहे, शून्य, एक आणि दोन महिन्यांचं. पण त्यात बाराव्या महिन्याला चौथा डोस घ्यावाच लागतो. वेळ कुठे ना कुठे भरून द्यावा लागतो.

कारण हा वेळ लशीला नव्हे, आपल्या शरीराला लागतो. पहिल्या डोसनंतर काखेतल्या लसिकाग्रंथींमध्ये प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी कामाला लागतात. लशीतल्या प्रथिनाला जमेल तशा चिकटणाऱ्या पेशी वाढतात आणि वाढताना त्यांच्या जनुकांत मुद्दाम बारीकसारीक बदल होत राहतात. बदलाने पकड घट्ट झाली तर पेशी टिकते, सैल झाली तर मरते. ही निवड आठवडेच्या आठवडे चालते आणि तिच्यातून विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात. तिसरा डोस येतो तेव्हा या मुरलेल्या पेशी वाटच पाहत असतात, म्हणून प्रतिपिंडांची पातळी कित्येक पटींनी उसळते. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत पहिल्या डोसनंतर साधारण 30 ते 55 टक्के, दुसऱ्यानंतर सुमारे 75 टक्के आणि तिसऱ्यानंतर 90 टक्क्यांहून जास्त जणांना संरक्षण मिळतं. दोन डोसवर ‘झालं की’ म्हणणाऱ्यांपैकी चारात एक जण मोकळाच फिरतो. तारीख चुकली तर मात्र पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. राहिलेला डोस घ्यायचा, एवढंच.

लस मुळात कशाची आहे तेही पाहण्यासारखं आहे. 1960च्या दशकात बरूक ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते या विषाणूचं बाहेरचं आवरण निघालं. (ब्लुमबर्गना 1976 साली नोबेल मिळालं, 28 जुलैचा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणजे त्यांचा वाढदिवस.) हा विषाणू फार लबाड. खऱ्या कणांच्या कितीतरी पट तो रिकामी आवरणंच रक्तात सोडतो, शेंगदाणे काढून घेतलेल्या टरफलांसारखी, आणि आपली प्रतिपिंडं त्या टरफलांवरच खर्ची पडतात. आजची लस म्हणजे नेमकं तेच रिकामं आवरण. पहिली लस रोगवाहकांच्या रक्तद्रवापासून बनायची. 1986 पासून हे प्रथिन यीस्टच्या पेशींकडून करून घेतात. त्यामुळे लशीने कावीळ होईल ही भीती निराधार आहे, आत विषाणूच नसतो. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये भारतीय बनावटीची अशी लस बाजारात आणली, आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

आणि हा सगळा खटाटोप नर्सिंगच्या पोरीनेच का करायचा? तर सुईमुळे. रक्त काढून झालं की सुईवर टोपण परत बसवायची सवय असते, आणि डाव्या हातातल्या टोपणाऐवजी सुई सरळ बोटात जाते. सुई हब कटरने कापून पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात टाकायची असते, टोपण लावायचंच नसतं. पण रात्रपाळीत, चाळीस पेशंटच्या वॉर्डात, हात आपोआप टोपणाकडे जातो. बाधित रक्ताची अशी सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका सुमारे 0.3 टक्के, हिपॅटायटिस सीचा दोनेक टक्के. आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा, पेशंटच्या रक्तात विषाणू भरपूर असेल तर, 30 टक्क्यांपर्यंत. टेबलावर सुकलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. एचआयव्हीला सगळे घाबरतात. या तिघांपैकी प्रभावी लस फक्त ज्याच्यावर आहे, त्याच्याकडे मात्र काणाडोळा. मला हे कोडं कधी उलगडलेलं नाही.

‘लहानपणी घेतलीय’ हे उत्तरही तपासून घ्यावं लागतं. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी 2002-03 मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून आली, देशभर पोचायला 2011-12 उजाडलं. आज अठरा-वीस वर्षांची मुलं नेमकी या मधल्या काळातली. कुणाला मिळाली, कुणाला नाही, आणि कार्ड बहुतेकांचं हरवलेलं. बाळपणी तिन्ही डोस झाले असतील तरी विशीत प्रतिपिंडं दहाच्या खाली गेलेली दिसू शकतात. याचा अर्थ संरक्षण संपलं असा नाही. एक डोस द्यायचा आणि महिन्याभराने तपासायचं. स्मृतिपेशी असतील तर आकडा झपकन वर येतो.

हा दहाचा आकडा म्हणजे टायटर. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा जास्त प्रतिपिंडं असली की माणूस सुरक्षित. तपासणी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांतच करायची. पाच वर्षांनी करून आकडा कमी आला, तर लस कधी लागूच पडली नव्हती की लागू पडून पातळी उतरली, हे कळायला मार्ग राहत नाही. तो एक रिपोर्ट दहावीच्या मार्कशीटसोबत ठेवावा.

दर शंभरात पाच-दहा जणांचा टायटर येतच नाही. वय, लठ्ठपणा, सिगारेट आणि काहींच्या बाबतीत जनुकं आड येतात. कधी दोष इंजेक्शनच्या जागेचा असतो: ही लस दंडातच द्यायची, कुल्ल्यावर दिली तर चरबीत अडकून तिचा परिणाम घटतो. कधी दोष फ्रिजचा. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, आणि उन्हापेक्षा तिला बर्फाचं भय जास्त. गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात. बाटली हलवून ठेवली तर गढूळ साका भराभर तळाशी बसतो. अशी बाटली फेकायचीच. टायटर नाही आला तर पुन्हा तीन डोस, तरीही नाही आला तर स्वतःलाच जुना संसर्ग नाही ना याची तपासणी. काही जणांना आपण वाहक आहोत हे असंच पहिल्यांदा कळतं, आणि त्यावर आज औषधं आहेत.

बाकीच्या लशींचं थोडक्यात. गोवर-रुबेलाचा एक डोस 2018च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात सुरू झालेल्या शाळांमधल्या मोहिमेत अनेकांना मिळाला असेल. कांजिण्या होऊन गेल्यात का, ते आईला विचारा. उष्ण प्रदेशांत त्या पुष्कळदा मोठेपणी होतात आणि मोठेपणी जास्त छळतात. गोवर-रुबेला आणि कांजिण्या या दोन्ही लशी जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या असतात; त्या एकाच दिवशी घ्या किंवा मध्ये 28 दिवस जाऊ द्या. गरोदरपणात घेऊ नका. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना आणखी एक भानगड असते. दंडावर बीसीजीचा व्रण असलेल्यांची टीबीची त्वचाचाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी इग्रा ही रक्तचाचणी मागावी, बीसीजीमुळे तिचा निकाल बदलत नाही.

आता समजा, दोनच डोस झालेत, पोस्टिंग सुरू आहे आणि सुई टोचली. बोट पिळायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही, तोंडात तर अजिबात घालायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी. पेशंटचं नाव आणि बेड नंबर लक्षात ठेवून सिस्टर इन्चार्जना तेव्हाच सांगायचं, ओरडा बसला तरी. पेशंट हिपॅटायटिस बीचा निघाला तर तयार प्रतिपिंडांचं इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो 24 तासांत एका दंडात देतात. या विषाणूला आजार उभा करायला साधारण दोन ते पाच महिने लागतात, म्हणून तेवढी मुभा मिळते. राहिलेली लस वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्या दंडात देतात. त्याच सुईचा एचआयव्हीचा प्रश्न वेगळा; त्याच्या गोळ्या पहिल्या काही तासांतच सुरू कराव्या लागतात.