नडगीवरचं नाव आणि बादलीतली पुरचुंडी

शाळेत असताना डिसेंबर-जानेवारीत आमचा एक उद्योग ठरलेला असायचा. प्रार्थनेला मांडी घालून बसलं की हाफपँटखालच्या नडगीवर नखानं आपलं नाव लिहायचं. सावळ्या पायावर खडूनं लिहावं तसं पांढरं नाव उमटायचं. थुंकी लावून बोट फिरवलं की पाटी साफ, पुन्हा लिहायला मोकळी. घरी गेल्यावर आजी पाय बघायची, "अंग किती उललंय रे!" म्हणायची आणि खोबरेलाची बाटली शोधायला लागायची. ती अर्थातच गोठलेली असायची.

ते नाव पांढरं का उमटायचं, याचं उत्तर बर्फाच्या गोळ्यात आहे. गाडीवरची लादी काचेसारखी पारदर्शक असते. किसणीवर किसली की तोच बर्फ पांढरा होतो, कारण कणाकणांमध्ये हवा शिरते आणि बर्फ-हवेच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. त्यावर काला खट्टा ओतला की पोकळ्या भरतात आणि पांढरेपण जातं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात चपट्या, मेलेल्या पेशींच्या पंधरा-वीस चळती असतात. सगळ्या मिळून जाडी जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर, वहीचा कागदसुद्धा याच्या पाच-दहा पट जाड असतो. हा थर कोरडा पडला की पेशींच्या कडा उन्हात वाळणाऱ्या पापडासारख्या उचलल्या जातात आणि खाली हवा शिरते. नखानं आणखी थोड्या उचलल्या की नाव तयार. तेल या फटींत गोळ्यावरच्या सरबतासारखं काम करतं. म्हणजे तेलाचा हात फिरवताक्षणी पाय जे 'बरे' दिसतात, तो निम्मा तरी प्रकाशाचा खेळ असतो. खरी दुरुस्ती नंतर, सावकाश होते.

दुरुस्ती कशाची, तर भिंतीची. मेलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा, असं त्वचेचं वर्णन शास्त्रज्ञ गेली काही दशकं करत आले आहेत. या गिलाव्यात साधारण निम्मं वजन सेरामाइड नावाच्या स्निग्ध पदार्थांचं, पाव भाग कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. (हो, तेच कोलेस्टेरॉल, रक्तात वाढलं की घाबरवतं, कातडीत मात्र हवंच असतं.) विटांच्या आत अमिनो आम्लं, लॅक्टेट, युरिया असे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ असतात. त्यांतले बरेचसे फिलॅग्रिन या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार होतात. या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर त्वचा जन्मभर कोरडी, खवल्यांची राहू शकते आणि एक्झिमाचा (इसबाचा) धोकाही वाढतो, हे २००६ साली पुढे आलं. एकाच घरात, एकाच साबणानं आंघोळ करणाऱ्या दोन भावंडांत एकाचेच पाय का उलतात, याचं एक उत्तर इथे आहे.

यातली खोच अशी, की ओलावा धरणारे हे पदार्थ पाण्यात विरघळतात. जे पाणी धरून ठेवतं तेच पाण्याबरोबर वाहून जातं. तासभर पाण्यात डुंबून त्वचा 'भिजवून' घ्यावी ही कल्पना इथेच फसते. बोटांना सुरकुत्या पडल्या म्हणजे कातडीत भरपूर पाणी मुरलं, असंही समजू नये. १९३६ साली लुईस आणि पिकरिंग या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवलं होतं की हाताची विशिष्ट नस (मज्जातंतू) तुटलेल्या रुग्णांची त्या नसेच्या ताब्यातली बोटं पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी सुरकुतत नाहीत. म्हणजे त्या सुरकुत्या मज्जासंस्थेच्या हुकमावरून पडतात.

थंडीतच हे सगळं का सुरू होतं? निफाडचं उदाहरण घेऊ. द्राक्षाच्या मळ्यांवर धुकं उतरलेलं आहे आणि पारा ८ अंशांवर. धुकं आहे म्हणजे हवा बाष्पानं पूर्ण भरलेली, आर्द्रता १०० टक्के. पण ८ अंशांच्या एक घनमीटर हवेत मावून मावून मावतं किती, तर ८.३ ग्रॅम बाष्प. दुपारी तीच हवा २८ अंशांपर्यंत तापते. आता तिच्यात २७ ग्रॅम मावू शकतं, पण आहेत ते सकाळचेच आठ. आर्द्रता तिसाच्या आसपास येते. उरलेली भूक ती हवा भागवते वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुंडीतल्या मातीवर आणि आपल्या नडगीवर. टोरांटोला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे हेच काम सूर्याऐवजी हीटर करतो: उणे दहाची हवा घरात घेऊन २१ अंशांना तापवली की आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. ती आल्या-गेल्याबरोबर इथून उटणं मागवते, त्यात नवल नाही.

आता न्हाणीघरात जाऊ. गारठलेल्या सकाळी आपण पाणी घेतो ते कढत. त्वचेतल्या चरबीची घट्ट मांडणी ३५-४० अंशांच्या आसपास सैल व्हायला लागते. त्यात साबण. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आंबट; नेहमीच्या साबणाचा ९-१० च्या घरात. सैल झालेला गिलावा साबण धुऊन नेतो, आणि बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा न विरघळणारा साका अंगावर बसतो तो वेगळा. आंघोळीनंतर दहा मिनिटांत अंग ताणल्यासारखं वाटतं, पाठ खाजते, ती ही कमाई.

म्हणून मग आंघोळीच्या पाण्यातच काहीतरी घालावं, अशी कल्पना जगभर आहे. तिकडे टब असतो. दीडशे लिटर पाणी, त्यात मीठ, दूध, तेल, ओट्स. आपल्याकडे बादली आणि तांब्या. दुष्काळी भागात टब भरा असं सांगणं मला तरी जमणार नाही. पण पाण्यात घालायच्या वस्तूंची झडती घेऊ.

तेलापासून सुरुवात करतो, कारण त्यावर एक चांगला प्रयोग झाला आहे. ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांना आंघोळीच्या पाण्यात घालायची स्निग्ध औषधं वर्षानुवर्षं लिहून दिली जात. १ ते ११ वर्षांच्या सुमारे ४८० मुलांचे दोन गट केले. अंगाला मलम दोन्ही गटांना, पाण्यातलं औषध एकालाच. २०१८ साली निकाल आला: पाण्यातल्या औषधानं उपयुक्त म्हणावा असा फरक पडला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. पाण्यात ओतलेलं तेल वर तरंगतं आणि बरंचसं टबाला चिकटतं. आपल्या बादलीत तर ते शेवटच्या तांब्याबरोबर मोरीत जाईल, आणि फरशी निसरडी होईल ते वेगळंच.

एप्सम सॉल्ट हे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्याच्या झऱ्यावरून नाव पडलं. हे मीठ त्वचेतून आत शिरून अंगातली मॅग्नेशियमची कमतरता भरून काढतं, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. मृत समुद्राच्या मिठाचं प्रकरण जरा वेगळं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात कोरड्या, एक्झिमाप्रवण त्वचेच्या लोकांनी एक हात साध्या पाण्यात आणि एक ५ टक्के मृत समुद्राच्या मिठाच्या पाण्यात पंधरा-पंधरा मिनिटं ठेवला. काही आठवड्यांनी मिठाच्या हाताची त्वचा जास्त ओलसर आणि कमी लाल होती. पण ५ टक्के म्हणजे बादलीला जवळजवळ किलोभर मीठ. आणि उललेल्या कातडीवर मीठ किती झोंबतं, ते सांगायला नको.

दूध नुसतं घालण्यात फारसं काही नाही; ताकात लॅक्टिक आम्ल असतं, तेवढं खरं. लिंबू आणि खाण्याचा सोडा दोन्ही नकोत: लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर काळे डाग पडतात, आणि सोडा अल्कधर्मी असल्यामुळे साबणाच्याच वाटेनं जातो.

राहता राहिले ओट्स, आणि त्यांच्या बाजूनं मात्र बोलण्यासारखं आहे. त्यांतलं बीटा-ग्लुकान पाण्यात बुळबुळीत होऊन त्वचेवर पातळ थर धरतं. शिवाय अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगं असतात, ती लाली आणि खाज शमवतात. बीटा-ग्लुकान आपल्या सातूतही भरपूर असतं. दुसरं मात्र ओट्सचंच वैशिष्ट्य. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ साली बारीक दळलेल्या ओट्सना त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली, आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान प्रमाण ठरवलं ०.००७ टक्के. आपल्या १८ लिटरच्या बादलीला हिशेब केला तर सव्वा ग्रॅम! घरच्या मिक्सरमध्ये कारखान्याइतकं बारीक होत नाही, म्हणून मी दोन मोठे चमचे घेतो.

साधे, बिनमसाल्याचे ओट्स कोरड्या भांड्यात मैद्यासारखे होईपर्यंत फिरवायचे. चमचाभर पूड ग्लासभर कोमट पाण्यात टाकून बघायची. पाणी दुधासारखं झालं आणि तसंच राहिलं तर जमलं. तळाशी रवा बसला तर पुन्हा मिक्सर. मग जुन्या मऊ धोतराच्या चौकोनी तुकड्यात पूड घालून पुरचुंडी बांधायची, ढिली, कारण ती फुगते. बादलीत पाच मिनिटं सोडून दाबली की बोटांच्या फटींतून पांढरा चिकट रस येतो, तांदळाच्या पेजेसारखा. हीच पुरचुंडी साबणाऐवजी अंगावरून फिरवायची. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरताच. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गार ना गरम. पुरचुंडी एकदाच वापरायची. दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. आतला लगदा कुंडीत टाकला तर तुळस तक्रार करत नाही.

एक सावधगिरी, विशेषतः तान्ह्या बाळांच्या बाबतीत. फाटलेल्या, चिघळलेल्या त्वचेवर बेसन, दूध, गव्हाचं पीठ असे खाण्याचे पदार्थ रोज चोळू नयेत. शरीर ते पदार्थ पोटातून ओळखतं तेव्हा सहसा सहन करतं, पण कातडीतून ओळख झाली तर शत्रू ठरवू शकतं. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचा अंश असलेला एक चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली होती. अंघोळीच्या वस्तूनं त्यांची पोळी-ब्रेड बंद केली. ओट्सही याला पूर्ण अपवाद नाहीत. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघावं.

पण बादलीत काहीही घाला, निम्म्याहून जास्त काम बादली रिकामी झाल्यावर उरतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रयोगात आंघोळ करून काहीच न लावणाऱ्यांच्या त्वचेतला ओलावा आधीपेक्षा घटलेला आढळला. मलम लावल्यावर तो वाढला. गंमत म्हणजे लगेच लावणं आणि थोड्या वेळानं लावणं यांत फारसा फरक दिसला नाही. 'तीन मिनिटांच्या आत लावा' असं डॉक्टर सांगतात तो आकडा मला घड्याळापेक्षा आठवणीसाठी सोयीचा वाटतो: टॉवेल दोरीवर टाकण्याआधी लावलं तर लावलं जातं, नाहीतर ऑफिसच्या घाईत राहतंच.

लावायचं काय? पाण्याची वाफ अडवण्यात पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं फारसं काही नाही. तेलं तिच्यापुढे बरीच मागे पडतात. पण तेलातेलांतही फरक आहे. त्वचेच्या सेरामाइडना लागणारं लिनोलेइक आम्ल तिळाच्या आणि साध्या सूर्यफुलाच्या तेलात भरपूर असतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचा भरणा असतो, आणि २०१३ साली इंग्लंडमध्ये १९ जणांवर झालेल्या प्रयोगात त्यानं भिंत उलट कमजोर झाली, सूर्यफुलानं झाली नाही. बाळाला मालिश करायला महागडं ऑलिव्ह तेल आणणाऱ्यांनी हे वाचावं. दिवाळीत तेल आधी आणि उटणं-पाणी मागून, हा आपला क्रम साबणाच्या माऱ्यापासून त्वचेला थोडं चिलखत देतो, त्यामुळे तो मला पटतो. नागरमोथा-कचोऱ्याचं भरड उटणं उललेल्या नडगीवर खसाखसा घासणं मात्र नाही.

टाचांची गोष्ट स्वतंत्र. तळपायाला तेलग्रंथीच नसतात आणि तिथला मृत थर खूप जाड, त्यामुळे तो सुकला की वजनानं सरळ चिरतो. इथे भिजवणं खरंच कामाचं आहे. घमेल्यात कोमट पाणी, त्यात ती पुरचुंडी, दहा-पंधरा मिनिटं. मग वजरीनं हलक्या हातानं घासायचं, पुसायचं, आणि कोकणातलं मुठेल लावायचं. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर आलेली चरबी गार होताना मुठीत वळतात, म्हणून मुठेल. ते चाळिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळतं, त्यामुळे नुसतं चोळून पसरत नाही. पळीत चमचाभर घेऊन दिव्यावर धरायचं आणि अंगाला सोसेल इतकं निवलं की भेगेत भरायचं. तिथे ते मेणासारखं गोठून बसतं. वर सुती मोजे.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हा घमेल्याचा प्रकार करू नये. देशात अशी माणसं १० कोटींहून जास्त आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या पावलांची संवेदना मंदावलेली असते. पाणी पोळतंय हे पायाला कळत नाही, फोड आल्यावर डोळ्यांना दिसतं. त्यांनी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, बेचक्या सोडून मलम लावावं आणि भेगेतून रक्त किंवा पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.