जखमी भटक्या कुत्र्यांचे उपचार व पुनर्वसन

मालक नसलेल्या कुत्र्याला अपघात, जखम किंवा आजारपणात रस्त्यावरून उचलणे, उपचार करून बरा होईपर्यंत सांभाळणे आणि पुन्हा त्याच्या भागात सोडणे वा दत्तक देणे, या साऱ्याचा यात समावेश होतो. बोलण्यात सरसकट ‘रेस्क्यू’ म्हणतात. पण तो शब्द बहुधा उचलून नेण्यापुरताच वापरला जातो. पुढचे सहा-आठ आठवडे त्यात कोणी धरत नाही.

पूर्वपीठिका : अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात (गिरनार पाठ) ‘मनुसचिकीछा च पसुचिकीछा च’ अशा दोन चिकित्सांची सोय केल्याचे नमूद आहे. त्यावरून इ. स. पू. तिसऱ्या शतकात जनावरांची रुग्णालये होती, असे काही लेखक मानतात. मात्र लेखात पुढे औषधी वनस्पती, मुळे व फळे आणवून लावल्याचे येते, वास्तूचे नाही. त्यामुळे ‘उपचारांची तजवीज’ एवढाच अर्थ घेणे बरे. कुत्र्यांचा वेगळा उल्लेख तेथे नाही.

पुढच्या काळातील संस्था म्हणजे पांजरपोळ, म्हणजेच निराधार जनावरांना सांभाळण्याची जागा. या शब्दातील ‘पांजर’ म्हणजे पिंजरा हे उघड आहे. घोळ ‘पोळ’चा आहे. मराठीत पोळ म्हणजे देवाला सोडलेला बैल, म्हणून ‘बैलांचा पिंजरा’ हा अर्थ सहज सुचतो. परंतु तसे असते तर समासातील पदांचा क्रम उलटा असता. गुजरातीत पोळ म्हणजे वेस असलेली बंदिस्त आळी (सं. प्रतोली). गुजरातेत या संस्था फार रुजलेल्या होत्या, हे पाहता हीच व्युत्पत्ती अधिक पटते.

मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जीजीभाई यांच्या प्रयत्नांतून मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. या दोन घटनांची सांगड घातली जाते, ती अवास्तव नाही. पुढे मात्र तेथे प्राधान्य गुरांनाच मिळाले. प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकात सुरू झाले.

जवळ जाणे व उचलणे : वेदनेतील कुत्रा ओळखीच्यालाही चावतो. समोरून न जाता बाजूने, बसून, डोळ्याला डोळा न भिडवता सरकावे. साधारण मीटरभर सुती बँडेजचा फास नाकाडावर घालून हनुवटीखाली गाठ मारावी व टोके कानांमागे बांधावीत. उलटी होत असल्यास, धाप लागली असल्यास किंवा जबड्याला मार असल्यास तोंड बांधू नये. कुत्रा धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून उन्हात ही पट्टी मिनिटांपुरतीच ठेवावी. लाळ गळणे, जबडा लोंबणे, झोकांड्या जाणे, दिसेल त्याला चावणे अशी लक्षणे असलेल्या कुत्र्याला हात न लावता पालिकेच्या पथकास कळवावे. हे काम नियमित करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली असावी. तरीही चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पाठीला मार असल्याची शंका आल्यास कुत्र्याला फळी किंवा प्लायवुडवर सरकवून न्यावे. ते नसेल तर चादर चारही बाजूंनी ताणून धरावी. काखेत हात घालून उचलल्याने अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू पूर्ण निकामी होऊ शकतो. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरडी पांढरीफटक असेल तर आतून रक्तस्राव चालू आहे असे समजून निघावे. वाटेत पाणी पाजू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या (पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक) अजिबात देऊ नयेत.

अळ्या पडलेल्या जखमा : पावसाळ्यात येणाऱ्या रुग्णांत या नेहमीच्या. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जखमेच्या कडेला अंडी घालते. दिवसभरातच अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. कान, डोके आणि गुदद्वाराभोवतीच्या जखमा सर्वांत वाईट, कारण वरून छिद्र रुपयाएवढे आणि आत पोकळी मुठीएवढी असते. प्रथम भोवतालचे केस दोन-तीन सेंमी.पर्यंत कापतात. मग छिद्रात मलम दाबून भरतात. हवा बंद झाली की अळ्या श्वासासाठी वर येतात आणि त्यांची मागची टोके दिसू लागतात. तेव्हा त्या चिमट्याने एकेक करून ओढायच्या. टर्पेंटाइनचा बोळा ही जुनी पद्धत चालते, पण थेंबांपुरती. त्याने भाजते व कुत्रा ते चाटतो. रॉकेल, पेट्रोल, फिनेल ओतणे म्हणजे जखमेवर जखम. आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचे इंजेक्शन पशुवैद्यानेच द्यावे : गुरांसाठीच्या १ टक्का द्रावणाचे १५ किग्रॅ. वजनाच्या कुत्र्याला अर्ध्या मिली.पेक्षाही कमी पुरते आणि अंदाजाने वजन धरले की इथेच चूक होते. कोली (Collie) या विदेशी मेंढपाळी जातीचे रक्त असलेल्या कुत्र्यांना ते घातक ठरू शकते. दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडून पाहणे अटळ आहे. खोल बिळांत दोन-चार अळ्या राहिलेल्या असतातच.

वाहनाची धडक : मागचे पाय ओढणारा प्रत्येक कुत्रा अपंग नसतो. कटीचे हाड मोडले असेल तर अनेकदा शस्त्रक्रियेविना, लहान पिंजऱ्यात सहा ते आठ आठवडे विश्रांती देऊन ते जुळते. निर्णायक कसोटी खोल वेदनेची. बोटाचे हाड चिमट्याने दाबल्यावर पाय आखडला, एवढ्यावर ‘संवेदना आहे’ असे म्हणणे चूक आहे. ती मेंदूपर्यंत न पोहोचणारी प्रतिक्षिप्त क्रियाही असते. कुत्र्याने मान वळवली, किंचाळला किंवा चावायला आला, तरच वेदना पोहोचली. मणका मोडून ही वेदना गेली असेल तर पुन्हा चालण्याची आशा फार थोडी. अशा कुत्र्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते, चार-चार तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर आधी मूत्राने कातडी भाजते, मग चट्टे पडतात.

निवारा व परत सोडणे : नव्या कुत्र्याला किमान १० ते १४ दिवस वेगळे ठेवतात. पाय मोडून आलेले पिल्लू पायाने नव्हे, शेजारच्या पिंजऱ्यातून आलेल्या पार्व्हो वा डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांनी मरते, हा निवाऱ्यांचा जुना अनुभव. पार्व्होसाठी साध्या फिनेलवर भिस्त ठेवू नये. फरशी घासून धुतल्यावर ब्लीच (एका भागाला सुमारे तीस भाग पाणी) दहा मिनिटे राहू द्यावे.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २००१ व त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम यांनुसार नसबंदी व लसीकरण झालेला कुत्रा मूळ जागी सोडला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळता हेच धोरण कायम ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेल्या कुत्र्यांना तेथे परत न सोडण्याचा आदेश आला. त्यामुळे कुत्रा नेमका कोठून उचलला याची नोंद पहिल्याच दिवशी करावी लागते. दोन महिन्यांनी परतलेल्याला टोळी नेहमीच सामावून घेते असे नाही. म्हणून सोडण्याची वेळ खाऊ घालणाऱ्यांच्या वेळेशी जुळवतात आणि पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फेरी मारून पाहतात. तीन पायांचा कुत्रा गल्लीत सहसा निभावून नेतो, हमरस्त्यालगत नाही.