सर्व्हर पाण्यानं थंड करतात म्हणजे नेमकं काय? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

हल्ली कोल्ड स्टोरेजचं काम घेऊन आलेला ग्राहकसुद्धा जाता जाता विचारतो, "भाऊ, ते एआयवाले कॉम्प्युटर म्हणे पाण्यात बुडवून ठेवतात, खरं आहे का?" पतसंस्था आणि कॉलेजच्या मंडळींचा प्रश्न वेगळा असतो: एक एजंट येऊन 'लिक्विड कूलिंग'चं कोटेशन देऊन गेला, घ्यावं का? आणि आयटीआयची पोरं विचारतात, या धंद्यात आम्हाला काम आहे का? प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून समजावणं होत नाही, म्हणून हे पत्रक. घाईत असाल तर एवढंच वाचा: पहिल्याचं उत्तर अर्धं हो, दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं हो, पण हात सफाईदार हवा.

हवा कुठे कमी पडली

सर्व्हर, म्हणजे दिवसरात्र चालून इतरांना माहिती पुरवणारा कॉम्प्युटर, जितकी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आजवर ती पंख्यांनी आणि एसीनं काढता येत होती. एआयच्या चिपांनी ते गणित बिघडवलं. एनव्हिडिया या चिपा बनवणाऱ्या कंपनीची २०२२ मध्ये आलेली एच१०० ही एक चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते, आणि तिच्या पुढच्या पिढीतली चिप १००० वॅटवर पोचली. मार्च २०२४ मध्ये याच कंपनीनं अशा ७२ चिपा एका रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटात, बसवलेलं मशीन जाहीर केलं. त्या एका रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात. शेतीच्या हिशेबात सांगायचं तर १६० एचपी, म्हणजे पाच एचपीच्या ३२ मोटारींचा लोड एका लोखंडी कपाटाएवढ्या जागेत.

एवढी उष्णता हवेनं काढायची आणि हवा फक्त १० अंशांनी तापू द्यायची, तर त्या कपाटातून सेकंदाला १० घनमीटर हवा ढकलावी लागेल. वादळच ते. तेच काम पाण्याला दिलं तर सेकंदाला तीन लिटरही लागत नाही. सारख्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता उचलतं, त्यामुळे हा फरक पडतो.

आत असतं काय

सगळ्यात जास्त चालणाऱ्या पद्धतीत कॉम्प्युटर बुडवत नाहीत. चिपेवर तांब्याची पोकळ पट्टी बसवतात, तिला कोल्ड प्लेट म्हणतात. तिच्या आतल्या नाळ्या केसाच्या जाडीच्या आसपास बारीक असतात आणि त्यांतून द्रव फिरतो. हा द्रव नळाचा किंवा बोरचा नसतो. शुद्ध केलेल्या पाण्यात साधारण २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळतात, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि धातू गंजत नाही. हे पाणी बंद चक्रात तेच ते फिरत राहतं.

रॅकजवळ हा द्रव फिरवणारं सीडीयू नावाचं युनिट असतं. त्यात पंप, फिल्टर आणि प्लेट हीट एक्स्चेंजर बसवलेले असतात. दूध शीतकरण केंद्रातल्या ग्राहकांना हा प्लेटांचा गठ्ठा पाठ आहे. तिथे एका बाजूनं दूध आणि दुसऱ्या बाजूनं थंड पाणी जातं, इथे दुधाच्या जागी चिपेकडून आलेला गरम द्रव असतो. तत्त्व तेच. फक्त इथे गॅस्केट फाटलं तर नासणाऱ्या मालाची किंमत कोटींत जाते.

बुडवण्याची पद्धतही आहे. त्यात अख्खा सर्व्हर वीज न वाहणाऱ्या तेलासारख्या द्रवात ठेवतात. ही नवलाई नाही, १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक असाच बुडवलेला होता. पण त्या प्रकारचे फ्लोरिनयुक्त द्रव बनवणाऱ्या थ्रीएमनं २०२५ अखेर हे उत्पादन थांबवणार असल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं, कारण ही रसायनं निसर्गात विरत नाहीत. शिवाय दुरुस्तीच्या वेळी तेल निथळत बसावं लागतं. आमचं मत विचाराल तर पुढची काही वर्षं कोल्ड प्लेटचीच.

बाजार खरंच वाढतोय का

वाढतोय. मोठ्या कंपन्या यासाठी पैसा मोजताहेत. श्नायडर इलेक्ट्रिकनं ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटिव्हेअर या लिक्विड कूलिंगच्या कंपनीचा ७५ टक्के हिस्सा ८५ कोटी डॉलरला घेण्याचं ठरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईटननं बॉइड या कंपनीचा थर्मल, म्हणजे उष्णता काढण्याच्या सामानाचा, व्यवसाय ९५० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. आपल्या देशात डेटा सेंटरची, म्हणजे सर्व्हरनं भरलेल्या इमारतींची, सर्वांत मोठी गर्दी ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात आहे, आणि विशाखापट्टणमला गुगलनं पाच वर्षांत १५०० कोटी डॉलर गुंतवण्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं.

आपल्या उन्हाळ्यात हे चालेल का

हा भाग सावकाश वाचा, कारण विक्रीवाले तो सांगत नाहीत. द्रव उष्णता खात नाही. तो ती उचलून छतावर नेतो. तिथून ती बाहेरच्या हवेतच सोडायची असते, आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात बाहेरची हवा ४५ अंशांची असते.

जानेवारी २०२६ मध्ये एनव्हिडियानं सांगितलं की तिच्या नव्या वेरा रुबिन यंत्रणेला ४५ अंशांचं पाणी चालतं, चिलरची, म्हणजे विजेवर पाणी गार करणाऱ्या मशीनची, गरज नाही. बातमी खरी आहे, पण चंद्रपूरच्या दुपारी ती जशीच्या तशी लागू होत नाही. कोरड्या रेडिएटरमधून निघणारं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश गरमच राहणार. बाहेर ४५ असेल तर पाणी पन्नाशीला टेकेल.

मग उपाय काय? तोच, जो आपल्या प्रत्येक खिडकीत एप्रिलमध्ये लागतो: कूलर. आपला उन्हाळा कडक पण कोरडा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या ताटीतून गेलेली हवा जास्तीत जास्त २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. कूलिंग टॉवर म्हणजे असाच मोठा कूलर, फक्त तो हवेऐवजी पाणी गार करतो. चांगला टॉवर त्याच्या चार-पाच अंश वर पाणी देतो, म्हणजे २७-२८. गंमत अशी, की श्रावणातल्या दमट हवेत तोच टॉवर यापेक्षा थोडं गरम पाणी देतो. मे महिन्याला उगाच बदनाम करू नका.

पण बाष्पीभवन फुकट होत नाही. एक युनिट विजेची उष्णता अशी उडवायला टॉवरचं (चिपेकडच्या बंद चक्रातलं नव्हे) सुमारे दीड लिटर पाणी जातं. १२० किलोवॅटच्या एका रॅकला तासाला १८० लिटर, दिवसाला ४३०० लिटर. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून टाकीतलं खारं पाणी अधूनमधून सोडून द्यावं लागतं. ते धरलं तर दिवसाला साडेसहा हजार लिटरही लागू शकतात, तेही एका कपाटासाठी. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोरचं पाणी असेल तर आणखी जास्त. कूलरच्या ताटीवर महिन्याभरात धरणारा पांढरा थर ज्यांनी खरवडलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी वाचवायचं तर चिलर चालवा, मग वीज जाते. आपल्या भागात या दोहोंपैकी एक मोजावंच लागतं. "डेटा सेंटर येणार" म्हणून कुणी जमिनीचा भाव वाढवून सांगत असेल तर त्याला सबस्टेशन किती लांब आणि पाणी कुठून, एवढं जरूर विचारा.

तुमच्या सर्व्हर रूमला काय लागतं

पतसंस्था, कॉलेज, केबल-इंटरनेटवाले: तुमचा एखाद-दोन सर्व्हर, स्विच आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर मिळून सहसा दोन किलोवॅटच्या आत राहतात. दीड टनाचा एसी पाच किलोवॅटच्या वर उष्णता बाहेर फेकतो. लिक्विड कूलिंगचं कोटेशन परत करा.

तुमच्याकडची खरी अडचण दुसरीच असते. लाईट गेली की सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि एसी बंद पडतो. बंद खोली तापत जाते. एक एक्झॉस्ट पंखा इन्व्हर्टरवर घ्या आणि खोली ठरावीक तापमानावर गेली की सर्व्हर आपोआप बंद होईल अशी सेटिंग करून घ्या. एसी १८ वर ठेवायची गरज नाही. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतात, २४ वर लावा. बाहेरचं युनिट टिनाच्या पत्र्यावर किंवा पश्चिमेच्या उन्हात नको. जिनिंगच्या शेजारी असाल तर हंगामात फिल्टर दर आठवड्याला झाडा, रुईचे तंतू जाळी बुजवून टाकतात. आणि कृपा करून सर्व्हर रूममध्ये कूलर लावू नका. ओल आणि क्षार दोन्ही बोर्डावर जाऊन बसतात.

आयटीआयच्या पोरांसाठी

रेफ्रिजरेशन, फिटर, वेल्डर या ट्रेडच्या मुलांना काम आहे. स्टीलच्या पाइपचं टिग वेल्डिंग, नायट्रोजननं प्रेशर टेस्ट, लाइन धुणं, पाण्याची तपासणी. फरक सफाईचा आहे. फिल्टर ५० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतो, वेल्डिंगचा एक कण सुटला तरी कोल्ड प्लेट तुंबते. तांब्याच्या लाइनमध्ये ॲल्युमिनियमचा जोड चालत नाही, गंज धरतो. आमच्याकडे शिकायला यायचं तर दुधाच्या लाइनवर हात बसवा, मग पुढचं बोलू.

आम्ही काय करतो

दूध शीतकरण, कोल्ड स्टोरेज, कूलिंग टॉवर, सर्व्हर रूमचे एसी आणि त्यांचं वार्षिक मेंटेनन्स. डेटा सेंटरच्या रॅकमधलं काम आम्ही घेत नाही, बाहेरची पाइपलाइन आणि टॉवर घेतो. उन्हाळ्याच्या सर्व्हिसिंगची नोंदणी होळीपर्यंत करा, त्यानंतर रांग लागते. येताना मशीनच्या पाटीचा फोटो आणि बोरच्या पाण्याची एक बाटली सोबत आणा.