इंजिन बंद, तरी प्रेशर एक किलो!

वीज गेलेली, टाकीत डिझेल काठोकाठ, बॅटरी ठणठणीत, आणि तरी जनरेटर सुरू व्हायला तयार नाही. स्टार्टर साधं 'टक्'सुद्धा करेना. पॅनेलच्या पडद्यावर इंजिनाचे फेरे शून्य आणि त्याखाली ऑइलचं प्रेशर ०.९ बार, म्हणजे जवळपास एक किलो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत घडलेली ही गोष्ट. लिफ्टमध्ये कोणी अडकलं नव्हतं, एवढंच नशीब.

बंद इंजिनात प्रेशर आलं कुठून? ऑइलचा पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यावर चालतो. क्रँक थांबला की थोड्या वेळात प्रेशर शून्यावर उतरतं. म्हणजे पडद्यावरच्या दोन आकड्यांपैकी एक नक्की खोटा. पॅनेलने मात्र प्रेशरचा आकडा खरा मानला. कित्येक पॅनेलांची रचनाच तशी असते: प्रेशर दिसतंय म्हणजे इंजिन फिरतंय, आणि इंजिनाच्या फिरत्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, स्टार्टरचं पिनियन हे छोटं दातेरी चाक घुसवलं तर दाते झडतील, म्हणून स्टार्टरला करंट द्यायचाच नाही. नियम शहाणपणाचा, पण त्याला मिळालेली बातमी खोटी.

पहिल्या मेकॅनिकने पडदा पाहिला, "सेन्सर गेलाय" म्हणाला आणि नवा बसवून गेला. आकडा ०.९ वरच. दुसऱ्या दिवशी एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी पाना बाहेरच काढला नाही. मल्टिमीटर, शिवणकामाची एक बारीक सुई आणि चष्मा, एवढ्यावर त्यांनी दहा मिनिटांत चोर पकडला. त्यांनी नेमकं काय केलं ते कळायला आधी हा सेन्सर बोलतो कसा, ते पाहावं लागेल.

विहिरीवर टुकटुकणाऱ्या जुन्या इंजिनाच्या गेजमध्ये वायर नसायची. आत पितळेची वाकवलेली चपटी नळी. प्रेशर वाढलं की ती किंचित सरळ व्हायला बघते आणि टोकाला जोडलेला काटा हलतो. पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही प्रेशर कुकरच्या कारखान्यापासून बॉयलरपर्यंत ही नळी इमानेइतबारे काम करते. आपले फिटर त्यावरचं प्रेशर 'किलो'त सांगतात. चार किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलोग्रॅमचा भार, साधारण चार बार.

आजच्या इंजिनावरच्या सेन्सरमध्ये काटा नाही, प्रेशरने किंचित वाकणारा पातळ पडदा आहे. पडद्यावर ताण आला की त्यावरच्या चार बारीक रोधकांचा विद्युतरोध बदलतो. धातूच्या तारेत हा बदल फार थोडा असतो. १९५४ मध्ये बेल लॅबमधल्या चार्ल्स स्मिथने दाखवून दिलं की सिलिकॉन आणि जर्मेनियममध्ये तो कितीतरी पटींनी मोठा असतो. नखाएवढा, स्वस्त, तरी नेमका प्रेशर सेन्सर बनू शकला तो या शोधामुळे. शाळेत प्रयोगवहीत काढलेला व्हीटस्टोनचा पूल आठवत असेल तर हे चार रोधक त्याच पुलात बसवलेले असतात. पुलाचा तोल जरा ढळला की काही मिलिव्होल्ट निर्माण होतात आणि सेन्सरच्या पोटातलं छोटं सर्किट ते मोठे करून बाहेर पाठवतं.

बाहेर येतात तीन वायरी. एकीवर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, सेन्सरला ५ व्होल्ट देतो. दुसरी परतीची, अर्थची. तिसरी निरोपाची, म्हणजे सिग्नलची. सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: प्रेशर शून्य असेल तर सिग्नल ०.५ व्होल्ट, प्रेशर पूर्ण असेल तर ४.५. शून्याला शून्य व्होल्ट का नाही? कारण मग तुटलेली वायर आणि बंद इंजिन यांत फरक कसा करणार? वरचा आणि खालचा अर्धा अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, शेताच्या बांधासारखा. सिग्नल त्या बांधावर गेला की ईसीएमला कळतं की हे प्रेशर नाही, सर्किट बोलतंय. ही युक्ती मला मूळ सेन्सरइतकीच हुशार वाटते.

बांध ओलांडला की कोड पडतो, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक आकडा पडद्यावर येतो. ट्रक, जनरेटर, पोकलेन अशा बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांवर जे-१९३९ नावाची भाषा चालते. तिच्यात ऑइल प्रेशरचा नंबर १००, टर्बोनंतरच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यानंतरच्या) हवेच्या दाबाचा १०२, कॉमन रेलमधल्या (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या) डिझेलच्या दाबाचा १५७. त्यामागे बिघाडाची जात सांगणारा दुसरा आकडा येतो: ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. पडद्यावर '१००-४' दिसलं की पुष्कळ जण "ऑइल प्रेशर कमी आहे" असं वाचतात आणि घाबरून ऑइल बदलतात. तो कोड ऑइलबद्दल काहीच म्हणत नसतो, तो वायरीतल्या व्होल्टेजबद्दल बोलत असतो. खरंच कमी प्रेशरसाठी त्याच भाषेत वेगळे आकडे आहेत.

असा कोड पडला तर सेन्सर दोषी की वायर, हे ठरवायची सोपी रीत आहे, आणि तिला सुटा भाग विकत आणावा लागत नाही. बऱ्याच ईसीएममध्ये सिग्नलची वायर आतून एका रोधकाने ५ व्होल्टकडे ओढून धरलेली असते. त्यामुळे सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला की सिग्नल आपोआप वर जातो आणि कोड ३ पडायला हवा. आता समजा ४ चा कोड होता, कपलर काढला आणि तो ३ झाला. म्हणजे वायर आणि ईसीएम दोघंही जागे आहेत, सिग्नलला खाली ओढत होता तो बहुधा सेन्सरच. कपलर काढूनही ४ हटला नाही तर सेन्सर बिचारा सुटला. वायर वाटेत कुठेतरी इंजिनाच्या अंगाला किंवा अर्थच्या वायरीला टेकली आहे. उलट ३ चा कोड असेल तर कपलर काढून सिग्नल आणि अर्थ या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या. कोड ४ झाला तर वायरिंग ठीक. फक्त ५ व्होल्ट आणि अर्थ यांना चुकूनही जोडायचं नाही. शिवाय काही ईसीएममध्ये सिग्नल वरऐवजी खाली ओढलेला असतो, तिथे सगळं उलट होतं, म्हणून आधी इंजिनाचं पुस्तक उघडायचं.

आमच्या जनरेटरला मात्र कोडच पडला नव्हता. सिग्नल होता ०.८६ व्होल्ट, म्हणजे बांधाच्या आत, अगदी सभ्य आकडा. ईसीएमला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

मिस्त्रींनी किल्ली चालू केली, इंजिन बंदच ठेवलं. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि कपलर न काढता त्याच्या पाठीमागून, सीलच्या कडेने, सुई परतीच्या वायरीच्या पिनेपर्यंत सरकवली. तिथे जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत. दिसले ०.४ व्होल्ट.

गणित सोपं आहे. हा सेन्सर साधारण ८ मिलिअँपिअर करंट खातो. परतीच्या वाटेवर गंजामुळे ५० ओहमचा अडथळा तयार झाला असेल तर ०.००८ गुणिले ५०, म्हणजे ०.४ व्होल्ट तिथेच अडकतात. सेन्सरची जमीनच, म्हणजे त्याची शून्याची पातळी, ०.४ व्होल्ट वर उचलली जाते. त्याच्या वाट्याला ५ ऐवजी ४.६ व्होल्ट येतात. शून्य प्रेशरला तो त्यातला दहावा हिस्सा, ०.४६, प्रामाणिकपणे देतो. पण ईसीएम मोजतो आपल्या जमिनीपासून, म्हणून त्याला दिसतात ०.८६. दहा बारपर्यंत मोजणाऱ्या या सेन्सरला दर बारमागे ०.४ व्होल्ट, म्हणून पडद्यावर ०.९ बार. घराचा जोता खचला की भिंतीवरच्या मापाच्या खुणा सरळ असूनही चुकतात, तसं.

याच गणिताचा पुढचा भाग जास्त गमतीचा आहे. प्रेशर खरंच ५ बार असतं तर याच अडथळ्यातून पडद्यावर ५.५ दिसलं असतं, आणि १० बारला चूक जवळजवळ ०.१ बारवर आली असती. इंजिन चालू असताना ५ च्या जागी साडेपाच दिसले तर कोण दखल घेतो? बिघाड पुढे येतो तो इंजिन थांबलेलं असताना, कारण तेव्हा खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं: शून्य.

टर्बोच्या सेन्सरचं खरं उत्तर शून्य नसतं. तो बहुधा निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वातापासून धरलेला दाब, मोजतो, त्यामुळे इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. पुण्यातल्या बंद इंजिनाचा पडदा १२० म्हणत असेल तर टर्बोला दोष देण्याचं कारण नाही. वातावरण हे फुकटचं प्रमाणित वजन आहे आणि ते प्रत्येक कारखान्यात आधीपासून हजर असतं. तरी ही तपासणी फार कमी लोक करतात, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तो ५० ओहमचा अडथळा. पावसाळ्याआधी कोणीतरी हौसेने प्रेशर पंपाने जनरेटर धुतला होता. कपलरचं रबरी सील सरकलेलं, आत पाणी गेलं आणि परतीच्या वायरीच्या टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर जमला. हा भाग वायरिंगकडचा, म्हणून नव्या सेन्सरचा काही उपयोग झाला नाही.

पाणी नसलं तरी कपलर बिघडतात. इंजिनाच्या थरथरीने पिना एकमेकींवर काही मायक्रॉन घासत राहतात. कथिलाचा मुलामा खरवडला जातो, त्याचं ऑक्साइड होतं आणि ते वीज अडवतं. स्टार्टरच्या शेकडो अँपिअरपुढे असला थर टिकत नाही. सेन्सरचे ८ मिलिअँपिअर मात्र त्यापुढे हतबल. म्हणूनच चांगल्या सेन्सरच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो, आणि म्हणूनच सोन्याच्या पिनेसमोर कथिलाचं टर्मिनल बसवू नये. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. वायर सलग असल्याचं सांगणाऱ्या मीटरच्या 'टूं' आवाजावर विसंबणं त्याहून वाईट: कित्येक मीटर काही दहा ओहमपर्यंतही खुशाल वाजतात. शिवाय ओहम मोजायला कपलर काढला की ज्या स्पर्शात दोष आहे तोच आपण तोडून टाकतो. मग वायर निर्दोष सापडते, कपलर परत बसतो, घासल्यामुळे थर जरा फाटतो आणि बिघाड आठवडाभर गायब होतो. "सेन्सर बदलल्यावर चाललं" अशा कित्येक कहाण्यांमागे नुसतं कपलर काढून लावणं असतं.

मीटरची जाड टोकं टर्मिनलमध्ये खुपसणं, किंवा वायरीचं आवरण टोचून मोजणं, ही आणखी दोन पापं. पहिल्याने टर्मिनलची पकड कायमची ढिली होते. दुसऱ्याने केलेल्या भोकातून ओल आत शिरते आणि तांबं आतल्या आत काळं-हिरवं होत जातं. सहा महिन्यांनी येणारा मेकॅनिक तुमच्या नावाने शंख करतो. उंदरांबद्दल वेगळं काय सांगावं. बंद जनरेटरचं उबदार कॅनोपी, म्हणजे त्यावरची पत्र्याची पेटी, त्यांना पावसाळ्यात फार आवडतं.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड पडले तर ते सगळे एका रात्रीत मेलेले नसतात. ५ व्होल्टची लाइन अनेकांत वाटलेली असते. एक शॉर्ट झाला की सगळ्यांचं व्होल्टेज बसतं. मीटर त्या लाइनवर ठेवून एकेक कपलर काढत जायचं. ज्याच्यापाशी ५ व्होल्ट परत येतात तो, किंवा त्याची वायर, गुन्हेगार.

या सगळ्या व्होल्टच्या गोष्टींत एक धोका आहे: सर्किटवर संशय घ्यायची सवय लागली की खरी बातमीही खोटी वाटू लागते. इंजिन चालू असताना प्रेशर कमी दिसलं तर सर्वांत आधी इंजिन बंद, मग ऑइलची पट्टी, आणि मग सेन्सरच्या जागी बूर्दोंच्या नळीचं साधं गेज लावून खात्री. "सेन्सर वेडा आहे" म्हणत ऑइल प्रेशर कमी झालं की इंजिन बंद करणारं ट्रिप बायपास करून इंजिन पळवणारे लोक मी पाहिले आहेत. बेअरिंगला ऑइल खरोखर मिळत नसेल तर काही मिनिटांत क्रँक जाम होतो, आणि त्या खर्चात पोतंभर सेन्सर येतात. कॉमन रेलच्या बाबतीत तर हात आवरलेलाच बरा. तिथे डिझेल १,६०० ते २,००० बारवर असू शकतं. पडद्यावर शून्य दिसतंय म्हणून नट सैल करायचा नाही, आणि गळती बोटाने चाचपायची नाही. तो फवारा कातडीत शिरतो, बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आत तातडीने शस्त्रक्रिया लागेल एवढी इजा झालेली असते.

१ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुरासाठी सीपीसीबीचे, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, 'फोर प्लस' हे कडक निकष लागू झाले. त्यामुळे सोसायट्यांच्या आवारात येणाऱ्या नव्या जनरेटरांत ईसीएम आणि सेन्सर वाढले आहेत, कपलरही वाढले आहेत.

मिस्त्रींनी ते टर्मिनल कापून नवं क्रिंप केलं, वायर जोरात ओढून पाहिली, सील जागेवर बसवलं आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता तिथे रबरी पट्टी गुंडाळून टाय मारला. मग त्यांनी मुद्दाम जुनाच सेन्सर परत लावला. किल्ली चालू: ०.०. इंजिन चालू: साडेचार. तो जुना सेन्सर आजही इंजिनावर आहे. नवा वॉचमनच्या केबिनमध्ये ड्रॉवरमध्ये पडून आहे, बिलासकट.